तिसऱ्या मजल्याचा हॅश

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत मीटिंगमधे ठराव एक होतो आणि इतिवृत्तात दुसराच उगवतो असा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा कायमचा आरोप, आणि मी शहाणा बोलून गेलो, "काका, ठरावाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, काढून बोर्डावर लावू, एक काना हलला तरी कळेल." झालं!

पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हॅश नावाचं फंक्शन आयतंच आहे म्हणून तेच वापरलं. सकाळी एक आकडा, संध्याकाळी प्रोग्रॅम परत चालवला तर भलताच. काका म्हणाले, "सेक्रेटरीसारखंच आहे की हे." (पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, हा आकडा मुद्दामच दर वेळी बदलता ठेवलाय, पण हे कळेपर्यंत अब्रू गेलेली.) मग हॅशलिब, पायथनमधलीच पक्के हॅश काढणारी लायब्ररी. ते स्ट्रिंगला हातच लावेना, आधी एन्कोड करून बाइट्स, म्हणजे अक्षरांचे कॉम्प्युटरातले आकडे, आणा म्हणे, झेरॉक्स जोडल्याशिवाय अर्ज न घेणारी खिडकी असते ना, तसं. तोवर काकांचं वाचन सुरू, "एमडी५ ही हॅशची पद्धत का नाही?" म्हटलं तो २००४ मधेच फुटला, दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश निघाला. "मग शा-१?" त्यातही २०१७ मधे दोन वेगळ्या पीडीएफचा एकच हॅश करून दाखवलाय. काका बराच वेळ सेक्रेटरीच्या बाल्कनीकडे बघत राहिले.

शेवटी त्याच्या पुढचा शा-२५६, चौसष्ट अक्षरं, बोर्डावर. पण काका माझी फाईल घेतील तर ना! "तुझ्या फाईलवर मी का विश्वास ठेवू?" म्हणून त्यांनी ठराव स्वतः फोनवर टाईप करून पाठवला आणि हॅश जुळेना. माझ्या फाईलच्या शेवटी एक एंटर राहिलेला, तो काढला, तरी नाही. एक डबल स्पेस सापडली, तरी नाही. रात्री साडेअकराला एकेक बाइट समोर मांडून बसलो तेव्हा कळलं की भानगड 'तिसऱ्या'मधे आहे, माझ्याकडे ऱ आणि हलंत, काकांच्या कीबोर्डने मात्र साधा र, हलंत आणि पुढे एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकलेला. दिसायला सेम टू सेम. युनिकोड नॉर्मलाइझ, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी, करून बघितलं, ते नुक्तावाला (खाली टिंब दिलेला) र आणि ऱ एक करतं, पण ह्या दोघांचं जमवत नाही.

सकाळी काकांना सगळं समजावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे गळतीचा खर्च मंजूर झालाय तो कुठल्या तिसऱ्या मजल्याचा? तुझ्या की माझ्या?"