अंधार पंचवीस मीटरचाच आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोंबड्यांच्या शेडमधले उंदीर रात्री मारण्यासाठी एअर रायफलच्या (छऱ्याच्या बंदुकीच्या) स्कोपमागे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीमागे, बसवायच्या स्वस्त नाइट व्हिजनबद्दल (अंधारात दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल) मी लिहिलं, ते वाचून तुम्ही २८० पौंड खर्च केले आणि हाती आलं ते धुकं. उंदीर स्पष्ट करावा तर स्कोपमधली नेमाची फुली पुसट, फुली स्पष्ट करावी तर उंदीर पुसट. पुढे तुम्ही लिहिता, “लोकांना स्वस्ताच्या नादी लावू नका, सरळ थर्मल (उष्णता टिपणारं यंत्र) घ्यायला सांगा.” आणि शेवटची ओळ, “गावाकडची पोरं हे वाचून सशांच्या मागे लागतील.” राग रास्त आहे. त्यातला एक भाग तर सरळ माझ्यामुळेच झाला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ते उपकरण बहुधा ठीक आहे. गडबड तुमच्या स्कोपमध्ये असावी, आणि ही गोष्ट मी मूळ लेखात लिहायलाच हवी होती. बरेच साधे स्कोप कारखान्यातूनच १०० यार्डांवर पॅरॅलॅक्स (किती अंतरावरचं लक्ष्य फुलीच्याच पातळीवर दिसेल ते) पक्का करून येतात. मोठ्या रायफलीला ते चालतं. आपण मात्र पंधरा-वीस मीटरवर बघतो. दिवसा हे फारसं जाणवत नाही, कारण आपला डोळा स्वतःला जुळवून घेतो. मागे लावलेल्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. फुली एका पातळीवर, उंदराची प्रतिमा दुसऱ्या पातळीवर, आणि कॅमेरा दोन्हींपैकी एकच स्पष्ट दाखवतो. तुम्ही वर्णन केलंत ते नेमकं हेच आहे.

म्हणून माझा सल्ला आता असा: उपकरणाआधी स्कोप बघा. पुढच्या भिंगाभोवती किंवा डाव्या बाजूला अंतराचं चाक हवं, आणि ते १० यार्डांपर्यंत खाली यायला हवं. उपकरण लावलं की आधी त्याच्या फोकसने फुली कातरल्यासारखी स्पष्ट करायची आणि मग त्या फोकसला हात लावायचा नाही. उंदीर स्पष्ट करायचा तो स्कोपच्या चाकाने. हे रात्री, इन्फ्रारेड (डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या) दिव्यातच करा. दृश्य उजेडाचा आणि इन्फ्रारेडचा फोकस एकाच जागी पडत नाही, त्यामुळे दुपारी जुळवलेलं रात्री पुन्हा हलवावं लागतं.

नवा स्कोप घेण्याआधी एक उपाय करून पाहा. जाड पुठ्ठ्याची चकती कापून मधोमध दोन-अडीच सेंटिमीटरचं भोक पाडा आणि ती पुढच्या भिंगावर बसवा. झूम सगळ्यात कमी ठेवा. उजेड घटेल, पण वीस मीटरवर दिव्याचा जोर पुरतो, आणि फुली व उंदीर दोन्ही एकदम बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागतात.

आता थर्मलचं. मी इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडवर, त्याच्या परवानगीने, शनिवारी रात्री जातो. इंग्लंड-वेल्समध्ये परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलच्या जोराची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ जूल. (स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून तिलाही परवाना लागतो.) एवढ्या जोरात पॉइंट टू-टूचा (०.२२ इंच जाडीचा), १६ ग्रेन वजनाचा छर्रा सेकंदाला जेमतेम १७५ मीटर जातो. तीस मीटरच्या पुढे तो झपाट्याने खाली येतो, आणि अंधारात अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तरी डोक्यावरचा नेम पोटात जातो. जनावर तडफडत बिळात शिरतं. मला ते मान्य नाही. माझी हद्द पंचवीस मीटर आहे, आणि पंचवीस मीटरसाठी तीनशे मीटर दाखवणारं थर्मल घेण्यात अर्थ दिसत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थर्मलमध्ये उष्णता दिसते. शोधायला त्याच्यासारखं साधन नाही, पण स्वस्त थर्मलमध्ये गवतातला हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) आणि मोठा उंदीर दोन्ही नुसते पांढरे गोळे दिसतात. हेजहॉग आणि पोलकॅट (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात आहेत. रात्रीच्या नेमयंत्राने त्यांना मारणं गुन्हा आहे. त्याच शेडच्या तुळईवर गव्हाणी घुबड येऊन बसतं. इन्फ्रारेडच्या राखाडी चित्रात मला शेपूट दिसते, कान दिसतात. चाप ओढू नये हे ज्याच्यात कळतं, तेच यंत्र मला हवं आहे. हातात धरायची छोटी थर्मल दुर्बीण शोधण्यासाठी परवडत असेल तर जरूर घ्या, नेम मात्र इन्फ्रारेडनेच धरा.

दिव्याबद्दल मूळ लेखात दोनच ओळी होत्या, तिथेही भर घालतो. उपकरणाच्या अंगचा दिवा स्कोपच्या मागे येतो. त्याचा उजेड स्कोपच्या पाठीवर आणि नळीच्या सायलेन्सरवर आदळतो आणि चित्राचा खालचा भाग पांढराफटक होतो. तो बंद ठेवा. फोकस पुढे-मागे करता येणारा वेगळा इन्फ्रारेड टॉर्च स्कोपवर शक्य तेवढा पुढे बसवा. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा घ्या. थेट बघितलं तर त्यात अंधूक लाल ठिपका दिसतो, पण उंदीर बिचकलेले मी पाहिले नाहीत. ९४० चा ठिपका दिसत नाही, पण कॅमेऱ्यालाही तो कमीच दिसतो. शेडमध्ये धूळ असते आणि जोर पूर्ण ठेवला तर ती बर्फासारखी चमकते. तिथे जोर निम्म्यावर आणा. आणि टॉर्चच्या १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) असं छापलं असेल तर तो सेल घेऊ नका. त्या आकारात साधारण ३५०० च्या वर काही मावत नाही.

एका बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. तुमची रायफल स्प्रिंगच्या जोरावर छर्रा फेकणारी असेल तर मागे लावायचं उपकरण नकोच. स्प्रिंगचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो. आयपीसवर (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकावर) टेप गुंडाळून बसवलेला पाव किलोचा कॅमेरा त्यात सैल होतो, शिवाय भुवईला लागतो. स्प्रिंगवाल्यांनी असा धक्का सोसणारा, स्कोपच्या जागीच बसणारा डिजिटल नाइट स्कोप घ्यावा, जास्त पैसे मोजून. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) असेल तर प्रश्न येत नाही. नेमही हलत नाही, कारण फुली स्कोपच्या आत आहे आणि कॅमेरा तिच्या मागे. दिवसा काढायचा, रात्री लावायचा. फक्त झूम फिरवताना तुमच्या स्कोपचा अख्खा आयपीस फिरतो का, तेवढं बघा. फिरत असेल तर चित्र तिरकं होतं.

आणि गावाकडची पोरं. ही काळजी मलाही आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात ससा, तितर, लावा यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग बंदूक छऱ्याची असो वा कसलीही. माझं सगळं लिखाण इथल्या शेडमधल्या उंदरांपुरतं आहे. इथे ते दाणा खातात, अंडी फोडतात आणि कोंबड्यांमध्ये साल्मोनेला पसरवतात. विष टाकलं तर ते खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. म्हणून तो शेतकरी मला बोलावतो. मूळ लेखाच्या सुरुवातीला हे आजच घालतो आहे, आणि स्कोपच्या फोकसची गोष्टही.

तुमच्या स्कोपवर अंतराचं चाक आहे का आणि रायफल स्प्रिंगची की पीसीपी, एवढं कळवा. उपकरण परत करायची मुदत शिल्लक असेल तर त्याआधी पुठ्ठ्याची चकती लावून एक रात्र बघा.