'मतदारांनाच नास्तिक नकोत' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. धर्म न मानणारे लोक निवडून आलेल्यांत इतके कमी का, या माझ्या लेखावर आपले आक्षेप थोडक्यात असे: आकड्यांची तुलना फसवी आहे, मतदारांनाच नास्तिक नको असतील तर तो लोकशाहीचा कौल झाला, कायद्याची आडकाठी कुठेच नाही, आणि शेवटी, 'आता यांनाही आरक्षण द्यायचं का?'

पहिला आक्षेप मान्य. अमेरिकेत 28 टक्के प्रौढ कोणताच धर्म सांगत नाहीत, हा प्यू या पाहणी संस्थेचा 2023चा आकडा मी घाईने अमेरिकेच्या संसदेशेजारी, म्हणजे काँग्रेसशेजारी, ठेवला. त्यांतले बरेच जण देव मानतात, फक्त कुठल्या पंथात नाव नाही. स्वतःला नास्तिक म्हणवणारे त्यांत साधारण सहावा हिस्सा, म्हणजे एकूण प्रौढांत पाचेक टक्के. तरीही काँग्रेसच्या 535 सदस्यांत असे पंचवीसेक भरायला हवेत. उघडपणे तसं सांगणारे मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात.

'मतदारांनाच नकोत' हे मात्र पटत नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ उघड नास्तिक. 1880 साली नॉर्दॅम्प्टनने त्यांना ब्रिटिश संसदेवर पाठवलं. देवाच्या नावाच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा घेतो म्हणाले, तर परवानगी नाही. बरं, शपथच घेतो म्हणाले, तर तुमच्या शपथेला अर्थ काय म्हणून तीही नाही. एक रात्र संसदेच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. ऑगस्ट 1881मध्ये पोलिसांनी ओढत बाहेर काढलं, त्या झटापटीत अंगावरचा कोट फाटला. आणि मतदार? त्यांनी याच माणसाला पुन्हापुन्हा निवडून दिलं, 1886मध्ये सभागृहाचा हट्ट संपेपर्यंत. नकार कुणाचा होता, सांगा!

आपण म्हणाल, जुनी गोष्ट. मग पीट स्टार्क घ्या. 1973पासून कॅलिफोर्नियातून खासदार. देव मानत नाही हे जाहीर केलं 2007मध्ये. चौतीस वर्षं गप्प! त्यानंतरही 2008 आणि 2010मध्ये ते निवडून आलेच. गॅलप या संस्थेच्या अमेरिकेतल्या जनमत पाहणीत नास्तिक उमेदवाराला मत देऊ म्हणणारे 1958मध्ये 18 टक्के होते, 2020मध्ये 60. पण प्रचार सांभाळणारे सल्लागार बघतात ते उरलेल्या चाळिसांकडे, आणि उमेदवार तोंड मिटून प्रार्थनास्थळाच्या पायरीवर फोटो काढून घेतो. मतदारांपुढे प्रश्न येतच नाही, तर कौल कसला?

कायद्याचं म्हणाल, तर टेक्सासच्या राज्यघटनेतलं कलम वाचा. पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही असं ठणकावून सांगून त्याच वाक्यात पुढे म्हटलंय: मात्र त्याने परमेश्वराचं अस्तित्व मान्य केलेलं असावं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 1961च्या निकालानंतर अशा अटीला जोर उरला नाही, पण ओळ जागच्या जागी आहे.

आरक्षण नको. ती ओळ खोडली तरी पुष्कळ. पण खोडायची तर आधी निवडून आलेल्यांपैकी कुणीतरी ठराव मांडायला हवा, मग त्यावर राज्यभर मतदान. पुढच्या प्रचारात 'हाच तो देव काढणारा' हे ऐकायची तयारी असलेला आमदार आपल्या माहितीत असेल तर जरूर कळवा.