खचले ते मेले?

मावसभावाने पुण्याहून एका व्याख्यानाची चित्रफीत पाठवली. विषय यशाचा, दाखला नाझी छळछावणीचा. वक्ते ठासून सांगतात, "मनाने खचले ते मेले, ध्येय होतं ते जगले." टाळ्या. खाली दादाचा निरोप: लेकीला ऐकव.

मी ऐकवली नाही. चार दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही.

म्युनिकच्या एस-फोर लोकलने गेल्टेनडॉर्फ, तिथे गाडी बदलून काउफरिंग, मग लँड्सबर्ग. इथल्याच तुरुंगात १९२४ मध्ये हिटलरने ते पुस्तक लिहायला घेतलं, जे पुण्याच्या फुटपाथवर आजही मराठीत मिळतं. वीस वर्षांनी, जून १९४४ पासून, याच गावाभोवती डाखाऊच्या मोठ्या छळछावणीच्या ११ उपछावण्या उभ्या राहिल्या. वीस हजारांवर कैदी, बहुतेक ज्यू, हंगेरीतून आणि लिथुआनियातून आणलेले. जेट विमानांच्या कारखान्यासाठी ते ५० किलोच्या सिमेंटच्या गोण्या वाहत. राहायला जमिनीत खणलेली, वर माती लोटलेली खोपटी. थंडीपायी सिमेंटची रिकामी कागदी पिशवी सदऱ्याखाली घातली आणि सापडली, तर मार. पातळ सूप, पावाचा तुकडा, उवा, टायफस. एवढ्यावर शरीर किती महिने चालणार? मन कितीही खंबीर असो.

त्या हिवाळ्यात एका छावणीत ७ ज्यू स्त्रिया बाळंत झाल्या. सातही आया जगल्या, सातही बाळं जगली. हे ऐकून वक्ते खूश होतील. पण आउशवित्झच्या मृत्युछावणीत, निवडीच्या रांगेत यांचं पोट दिसलं असतं तर सरळ गॅसकडे रवानगी होती. ते दिसलं नाही. पुढे एक कैदी डॉक्टर भेटले, कुणी तरी शेगडी मिळवून दिली, आणि एप्रिलमध्ये अमेरिकन पोचले. दुसऱ्या छावणीत ते पोचायच्या आत हिटलरच्या एसएस दलाने आजाऱ्यांच्या खोपट्यांना आग लावली. त्या आजाऱ्यांना ध्येय नव्हतं? त्यांची लेकरं कुठे तरी वाट बघत नव्हती? मेलेल्यांना कच्चं ठरवून कसलं यश शिकवताय?

इथे नववीच्या मुलांना छावणीची जागा दाखवायला नेतात. असलं वाक्य इथल्या सभागृहात टाळ्या घेणार नाही, असं दादाला सुनवायचं होतं. आणि एल्टर्नआबेंडला, शाळेतल्या पालकसभेत, मीच अभिमानाने सांगते, की आपल्याकडे कोकणात शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल ज्यू, शेकडो वर्षं तेल गाळत राहिले, ज्यू म्हणून त्यांना कुणी छळलं नाही. जिथे असेन तिथे मला दुसऱ्या घराची थोरवी आठवते.

गेल्या महिन्यात लेक शाळेबरोबर डाखाऊला जाऊन आली. रात्री जेवताना म्हणाली, "आई, आपण त्यांच्याशी असं का वागलो?"

जर्मनमध्ये 'आम्ही'लाही 'आपण'लाही एकच 'विर'. मराठीत 'आम्ही' म्हटलं असतं तर मी बाहेर राहिले असते. ती 'आपण' म्हणाली. "'ते' म्हण," असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती इथेच जन्मली. माझ्या पर्समध्येही दोन वर्षं जर्मन पासपोर्ट आहे.

दादाला उत्तर अजून गेलेलं नाही. लिहायला बसते आणि 'आपल्याकडे' या शब्दाशी थांबते.