रॉसलिन चॅपल टेम्पलरांचं नाही, विल्यम सिंक्लेअरचं आहे

भाची एडिंबराला शिकायला गेली आणि ताई-भाऊजी तिकडे जायच्या तयारीला लागले. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ येऊन पडला: एडिंबराजवळचं रॉसलिन चॅपल हे टेम्पलरांचं, म्हणजे धर्मयुद्धांत लढलेल्या ख्रिस्ती योद्धा-संन्याशांचं गुप्त देऊळ, ते बांधणारा विल्यम सिंक्लेअर त्यांचा वारस, खांबात येशूचा पवित्र प्याला, कमानीवर त्याच्या आजोबांनी कोलंबसच्या आधीच अमेरिकेतून आणलेला मका, आणि हाच विल्यम फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेचा स्कॉटलंडमधला पहिला प्रमुख. ताईने विचारलं, "खरंय का रे हे?" नाही गं ताई, अजिबात नाही.

टेम्पलरांचं आधी बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. पोपने हा पंथ १३१२ मध्ये बरखास्त केला. चॅपलचं काम सुरू झालं १४४६ मध्ये. "पंथ लपूनछपून चालूच होता" हे ठरलेलं उत्तर. मग १३०९ चं काय करणार? त्या वर्षी एडिंबऱ्यात होलीरूडच्या मठात टेम्पलरांची चौकशी झाली, आणि साक्षीदारांत याच रॉसलिनचे हेन्री आणि विल्यम सिंक्लेअर हे बापलेक होते. साक्ष दिली ती टेम्पलरांच्या विरोधात! त्या घराण्याला त्यांचे वारस ठरवायचं?

चॅपल बांधणारा आपला विल्यम ऑर्कनी बेटांचा अर्ल म्हणजे सरदार, १४५४ पासून दोनेक वर्षं स्कॉटलंडचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा वरिष्ठ मंत्री. त्याने संत मॅथ्यूच्या नावाने हे चर्च उभारलं. तिथे एक मुख्य धर्मगुरू, सहा पुरोहित आणि गाणारी दोन मुलं नेमायची, त्यांनी त्याच्या आणि कुटुंबाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायच्या. तेव्हाचे कित्येक स्कॉटिश सरदार हेच करत होते. त्याची ही श्रद्धाच व्हिडिओने पुसून टाकली, याचा मला खरा राग आहे. एका तुळईवर लॅटिनमध्ये कोरलंय: मद्य बलवान, राजा त्याहून, स्त्रिया त्याहूनही, पण सत्य सगळ्यांना जिंकतं. हा गुप्त संकेत नाही, बायबलच्या परंपरेतल्या एज्राच्या ग्रंथातलं वचन आहे.

मका? विल्यमच्या आजोबांच्या १३९८ च्या अमेरिका-सफरीला आधार काय, तर १५५८ मध्ये व्हेनिसला छापलेली पत्रं. त्यांत सिंक्लेअर हे नावच नाही, 'झिखम्नी' नावाचा कुणी सरदार आहे. तो म्हणजेच सिंक्लेअर, हा तर्क १७८४ चा. आणि ते कोरीवकाम मक्याचं नाही, असं ते तपासलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगितलंय.

प्याल्याला तर कसलाच पुरावा नाही. २००३ च्या एका इंग्रजी कादंबरीने ती गोष्ट जगभर नेली.

फ्रीमेसनांचा संबंध मात्र मान्य करावा लागतो. १६०१ आणि १६२८ च्या कागदांत गवंड्यांनी रॉसलिनच्या सिंक्लेअरांना आपले आश्रयदाते मानलंय, आणि १७३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचा, म्हणजे तिथल्या फ्रीमेसनांच्या मध्यवर्ती संस्थेचा पहिला प्रमुख झाला तोही रॉसलिनचा विल्यम सिंक्लेअरच. पण तो चॅपल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांनी आलेला. व्हिडिओने दोघांचा एकच माणूस करून टाकलाय.