अंग चोरायचे उन्हाळी उपाय

होळी झाली, कुलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला, माठाखाली तिवई आली, की परभणीच्या बाईनं एक काम विसरू नये. यंदाच्या उन्हाळ्यात आपलं अंग कोणाकोणापासून आणि कशाकशात लपवायचं, ते ठरवून टाकावं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की डोकं चालत नाही, म्हणून आधीच ठरवलेलं बरं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण उगाच म्हणत नाही. एवढ्या उन्हात एवढं पॉलिस्टर अंगावर वागवणाऱ्या बाया जर्मनीत शोधूनही सापडायच्या नाहीत.

सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा, की खरं माप कोणाला सांगायचं नाही. शिवणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. ती गळ्यात टेप अडकवून “या इकडं, अंगावरून घेते” म्हणाली की दोन पावलं मागं सरायचं आणि पिशवीतून मापाचं ब्लाऊज काढायचं. हे ब्लाऊज लग्नातलं असावं, फार तर पहिल्या बाळंतपणाआधीचं. गेल्या महिन्यात मी असंच नेलं. आमच्या गल्लीतल्या मावशींनी ते उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. दोन्ही कुशींना तीन-तीन टिपा उसवल्याच्या खुणा, सुईच्या भोकांच्या रांगा, चौथी टीप अगदी कापडाच्या काठावर. काखेत एक ठिगळ होतं, ते मी मोठ्या हुशारीनं अस्तराच्या रंगाचं लावलं होतं.

“हे तुमचंच का?”

“माझंच.”

“कव्हाचं?”

“आत्ताचंच की.”

मावशींनी मानेजवळचं टेलरचं लेबल अंगठ्यानं सरळ केलं. तो टेलर वारून दहा वर्षं झाली होती. त्या काही बोलल्या नाहीत. वहीत माझ्या नावापुढं ३४ लिहिलं आणि मला दिसणार नाही अशा बेतानं, कोपऱ्यात, ३८. “आत माया सोडते चांगली,” एवढंच म्हणाल्या. ब्लाऊज आलं ते अंगात बरोब्बर बसलं. मी घरी सगळ्यांना सांगितलं, बघा, अजून चौतीसच आहे.

टेपवर ६० इंच छापलेले असतात. टेप बनवणाऱ्यानं माणसं बघितलेली आहेत, म्हणून त्यानं तेवढे छापले. आपण मात्र छत्तिसाच्या पुढचा आकडा दिसला की खिसा कापताना सापडल्यासारखं करायचं. ही सवय जपा. महागातल्या सगळ्या खरेद्या तिच्यावरच चालतात.

माझ्या आजीला हे काही जमलं नाही बिचारीला. इरकली लुगडं, खणाची चोळी आणि चोळीला पुढं गाठ. दिवस गेले की गाठ सैल, तापातून उठली की गाठ घट्ट. सात लेकरं झाली पण तिची चोळी कधी ‘बसेना’ झाली नाही. हुकाची सोय आपल्या वाट्याला आली. हूक तोंडावर बोलतो. मावतेस तर ये, नाही तर राहू दे.

आता कापड. सुती घेऊ नका. सुती कापड फुगतं, त्यात बाई आहे तेवढी दिसते, हा त्याचा मोठा दोष. दुकानदारसुद्धा सांगतो, “ताई, कॉटनमध्ये तब्येत दिसते, हे घ्या, अंगाला चोपून बसतं.” चोपून बसतं हे खरं आहे. बारा वाजल्यानंतर ते सोलून काढावं लागतं. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो. पॉलिस्टर धरतं जेमतेम ०.४ टक्के. घाम टिपला गेला, वाऱ्यानं वाळला, की वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जातो. पॉलिस्टरला असल्या लष्कराच्या भाकरी भाजायला वेळ नाही. तुमचा घाम तुम्हालाच ठेवा, असं त्याचं सरळ धोरण आहे. रंग काळा किंवा गडद जांभळा निवडा. काळ्यात बाई बारीक दिसते. ऊन जास्त शोषलं जातं ते वेगळं, पण ऊन काय, पावसाळ्यात जाईल.

शिवाय आपण कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या, आपण कापूस नेसलं तर चारचौघात शोभेल का? नांदेडचा गावरानी कापूस निजामाच्या राज्यात नावाजलेला होता. नांदेडला उस्मानशाही मिल होती, ती कधीच बंद पडली. पुढं नांदेडच्याच संशोधन केंद्रातून ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण निघालं, ते गावोगाव लावलं गेलं. त्याहून जुनी गोष्ट धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय, की तगर गावाहून, म्हणजे आपल्या तेरहून, साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर येते. (रस्त्यांची तक्रार किती जुनी आहे बघा.) म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपण मलमल समुद्रापार धाडत होतो. आता आपल्याला ‘समर कलेक्शन’ ट्रकनं येतं, त्यात शंभर टक्के पॉलिस्टर आणि गळ्याला चकचकीत लेस.

हिशेब करायचा नसतो, पण एकदा केला, तो सांगून टाकते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, म्हणजे किलोला ८१. किलोभर कापसात रुई निघते साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. साधी सुती साडी चारशे-साडेचारशे ग्रॅमची. म्हणजे एका साडीत सव्वा-दीड किलो कापूस, हमीभावानं शंभर-सव्वाशे रुपयांचा. तोही हमीभाव मिळाला तर. कताई, विणाई, रंग, वाहतूक, दुकानदाराचं भाडं सगळं धरून बाजारात ती चारशे-पाचशेला मिळते. आणि मी मागच्या लग्नसराईत पोट दाबायचा परकर घेतला, मासोळीच्या आकाराचा, लायक्राचा, त्याचे मोजले सातशे. एक साडी नेसण्यापेक्षा एक पोट दाबणं महाग पडतं, पण हौसेला मोल नसतं.

त्या परकराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तो पायातून घालायचा. मांड्यांपर्यंत तो स्वतः येतो, तिथून पुढं दोघी लागतात. एकदा चढला की बसता येत नाही, पायरी चढता येत नाही आणि जेवता येत नाही. लग्नाला दुसरं काय करायचं असतं, हे मला कळलं नाही. शिवाय दाबलेलं पोट नाहीसं होत नाही, ते वर सरकतं आणि ब्लाऊजखाली नव्यानं उगवतं. संस्कृत कवींनी पोटावरच्या तीन वळ्यांना त्रिवली म्हणून सौंदर्याची खूण ठरवली. आमच्याकडे त्यांना टायर म्हणतात. परवडत नसेल तर साध्या परकराची नाडीच करकचून बांधा, काम तेच होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळली की कंबरेला काळा करकोचा पडतो, खाज सुटते, कातडी सोलते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. कंबरेच्या त्याच जागेवरची जखम भरेना, तपासलं तर कातडीचा कॅन्सर. फार विरळा आहे, घाबरायचं कारण नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घेता येतो, गाठ रोज वेगळ्या जागी घेता येते, सैल बांधता येते. पण सैल बांधलं की पोट दिसतं. आता तुम्हीच ठरवा.

गाऊनवर मी बोलणार नाही. अडीचशेचा सुती गाऊन ही आपल्या भागातली सगळ्यात शहाणी खरेदी, म्हणून तो फक्त घरात घालायचा. दारावर दूधवाला आला तर वरून टॉवेल घ्यायचा, तो टर्किशचा, म्हणजे पुन्हा उकाडा.

बाहेर जाताना सनकोट, स्कार्फ, हातमोजे. ऊन लागू नये म्हणून अंग झाकणं ठीकच, आपल्याकडच्या उन्हात झाकायलाच हवं. पण सनकोट सिंथेटिक घ्या, झळ आतली आत राहते. आणि उन्हापेक्षा ‘काळी पडलीस की गं’ याची भीती जास्त ठेवा. वसमत रोडला जा कधी मार्चमध्ये. हळद काढायला आलेल्या बाया दिसतील. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा, कॉलर विरलेला सुती शर्ट, डोक्याला रुमाल. खर्च शून्य. वारा आत खेळतो, ऊन बाहेर राहतं, खिशात तंबाखूची पुडी मावते. शर्ट अंगापेक्षा दोन माप मोठा, त्यात तब्येत कशी दिसते हे त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांच्याकडे बघायलाच कोणी थांबत नाही. तुम्ही हा वेष घालू नका. स्वस्तात गारवा मिळाला तर लोक काय म्हणतील.

आणि लोक म्हणणारच. जाड असलात तर “तब्येत सुधारली की,” बारीक असलात तर “काहून वाळली गं माय, खायला मिळत नाही का घरी?” मधल्या असलात तर “पहिल्यासारखी नाही राहिलीस.” यातून सुटायचा एकच मार्ग, दुसरी कोणी दिसली की आपण आधी म्हणायचं. आपल्याकडे सगळ्या जणी तेच करतात, म्हणून कोणी उघडं पडत नाही.

आहेराच्या साड्यांचं तर काय सांगावं. दीडशे-दोनशेच्या पॉलिस्टरच्या साड्या, कधीच न नेसल्या जाणाऱ्या, या घरातून त्या घरात फिरत असतात. माझ्याकडची एक मोरपंखी मला तीन वर्षांनी परत आली, माझ्याच हातची घडी आणि कोपऱ्यातला पेनचा डाग घेऊन. चांगलं मऊ सुती नेसून नेसून विरलं की त्याची आपण वाकळ शिवतो, तिच्यावर झोपतो. म्हणजे सगळ्यात चांगलं कापड अंगाखाली, सगळ्यात वाईट अंगावर, हा आपला रिवाज.

मे महिन्यात जिंतूरकडं मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, म्हणजे तीन. मंडप पत्र्याचा, नवरदेव अजून मारुतीच्या पारावर, वाजंत्री जोरात. मी वर सांगितलेलं सगळं तंतोतंत पाळलं होतं, चौतीसचं ब्लाऊज, मासोळीचा परकर, जांभळी वर्क साडी. दीड वाजता डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. आत्याबाईंनी दंडाला धरून सामानाच्या खोलीत नेलं. तिथं तांदळाची पोती, पत्रावळीचे गठ्ठे, एक टेबलफॅन, आणि आधीच पाच जणी. आत्याबाईंनी कडी लावली आणि म्हणाल्या, “सोड ते, मरतीस का काय.”

सगळ्याच जणींनी सोडलं. जावेचा परकर काढायला दोघी लागल्या, निघाला तेव्हा फुगा सुटल्यासारखा आवाज झाला. ब्लाऊजचे खालचे हूक उघडे, पदर खांद्यावर नुसता टाकलेला, कोणी पोत्याला टेकून, कोणी फरशीवर आडवी. कंबरेला सगळ्यांच्या काळे पट्टे, आत्याबाईंचा बोटभर जाड, जावेचा फिकट. सिझरच्या खुणा, तीन जणींच्या. पोटं अशी ऐसपैस बसली होती, जणू तीही वऱ्हाडी होती. कोणीतरी टरबूज आणलं, सुरी नव्हती म्हणून पोत्यावर आपटून फोडलं. आत्याबाई म्हणाल्या, “माझं वजन एक्क्याऐंशी हाय,” आणि बी थुंकली. कोणी काही म्हणालं नाही. मग जाऊ म्हणाली, “माझं चौऱ्याहत्तर.” मग मी सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही.

कोपऱ्यात बारावीतली भाची बसली होती, हाडाची काडी. तिचा घागरा फारच घेरदार वाटला म्हणून जावेनं उचलून बघितलं, तर आत दोन परकर.

“अगं, दोन काहून?”

“एकात मी दिसतच नाही,” ती म्हणाली.

आत्याबाई हसल्या ते त्यांना ठसकाच लागला. टरबुजाचं पाणी त्यांच्या पोटावरून ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. फॅन एका बाजूला वळला की तिकडच्या दोघी “आं” करायच्या आणि इकडच्या वाट बघायच्या.

तेवढ्यात दार वाजलं. “अवं, मंगलाष्टकं सुरू झाली, किती येळ बसायलात आत!”

धावपळ झाली. नाड्या ओढल्या, हूक लागले, माझ्या परकराला पुन्हा दोघी झटल्या. कडी काढायच्या आधी आम्ही सातही जणींनी एकदम श्वास आत ओढला, पोटं आत घेतली आणि ओळीनं बाहेर पडलो. अक्षता टाकताना भाची माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्या घागऱ्याकडे बघितलं. दुसरा परकर तिनं पोत्यामागंच ठेवला होता.