साडेसातचे जेवण

जनता कर्फ्यूच्या रात्री, म्हणजे २२ मार्च २०२० रोजी, मुंबईची लोकल थांबली, तेव्हा डोंबिवली ते सीएसएमटी या माझ्या रोजच्या प्रवासाला अठरा वर्षे झाली होती. सकाळी सव्वासातला घर सोडायचे, रात्री साडेनऊला परतायचे आणि दहाच्या सुमारास झाकून ठेवलेले ताट उघडायचे, हा माझा दिनक्रम होता. जेवणानंतरच्या गोळ्या असल्यामुळे आई साडेसातलाच जेवून घेई. घरात माणसे दोनच, पण आम्ही फक्त रविवारी एकत्र जेवत होतो. ही गोष्ट मला तेव्हा कधी खटकली नाही, याचे आज फार वाईट वाटते.

महामारीत आमच्या इमारतीतील दोन माणसे गेली, त्यामुळे त्या काळाबद्दल ‘चांगले’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो. तरीही माझे जगणे तेव्हापासून सुधारले, हे खरे आहे. काम घरून सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मी आईबरोबर साडेसातला पानावर बसलो. पुढे तिचे मनगट दुखू लागले, म्हणून भाकरी करायला शिकलो. पहिल्या भाकऱ्या परातीतच चिरत होत्या. आईने चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, “अरे, पिठाची विरी गेली आहे, चिकटपणा राहिलेला नाही. उकळते पाणी घाल आणि तळहाताने रगडून मळ.” तसे केल्यावर भाकरी थापली गेली, आणि तव्यावर टाकून वरून पाणी फिरवल्यावर ती टम्म फुगली, तेव्हा आम्हा दोघांनाही मनापासून आनंद झाला.

लवकर जेवण, पुरेशी झोप आणि गच्चीवरचे तासभर चालणे यांमुळे दीड वर्षात माझे वजन सहा किलोंनी उतरले. रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ६.२ वरून ५.६ वर आले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली आणि काही महिन्यांनी कार्यालयाचे बोलावणे आले. मी आठ ते साडेचार अशी वेळ मागून घेतली. त्यासाठी उशिरापर्यंत थांबावे लागणारे वरचे पद नाकारले. अनेकांना तो वेडेपणा वाटला, मला अजूनही वाटत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी कार्यालय गाठलेच पाहिजे, हा हट्ट मुंबईने सोडायला हवा, असे माझे ठाम मत आहे. गर्दी विभागली जावी म्हणून मध्य रेल्वेनेही कार्यालयांना वेळा बदलण्याचे आवाहन केले आहे. पण बहुतेक ठिकाणी उशिरापर्यंत बसणे हीच अजून निष्ठेची खूण मानली जाते.

मी सव्वासहाला घरी पोहोचतो. आई तोवर पीठ चाळून ठेवते, भाकरी मी करतो, आणि साडेसातला आम्ही दोघे जेवायला बसतो.