जिभाऊंना तो मेसेज कोणी पाठवला?

‘खऱ्या जवानाचं मन कधी आजारी पडत नाही. युद्धाचा मानसिक धक्का हे औषध कंपन्यांचं खूळ आहे. आठवणी उकरल्या की जखम चिघळते. रात्री दोन घोट घ्या, झोप लागते.’ हा मेसेज चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत फिरतोय. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तो टाकणारे आमचे जिभाऊच. फौजेतून निवृत्त झालेले. म्हणून लिहितोय, नाहीतर डिलीट केला असता.

आधी ते दोन घोट. दारूनं डोळा लवकर लागतो, खरंय. पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते, मग दोनाचे चार होतात. गेल्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होती. पोरांनी सुतळी बॉम्ब लावला आणि जिभाऊ ताट टाकून गोठ्यात जाऊन बसले. पाऊण तासानं आले, तर म्हणे, “माले काय व्हयनं?” त्या रात्री ते दोन घोटांवर थांबले नाहीत. तो मेसेज लिहिणाऱ्यानं वहिनींना विचारावं, झोप कोणाची लागते ते.

जवानाचं मन आजारी पडत नाही म्हणे! पहिल्या महायुद्धात, १९१५ सालीच, ब्रिटिश डॉक्टरांनी ‘शेल शॉक’, म्हणजे लढाईतल्या जवानांच्या मनाला बसलेला धक्का, नोंदवला होता. आणि प्रश्न फक्त फौजींचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: मागच्या दहा वर्षांत युद्ध-संघर्ष झालेल्या भागांत पाचातल्या एकाला नैराश्य, चिंता, आघातानंतरचा ताण असा काही ना काही मानसिक आजार. त्यात बाया-लेकरंही आली. त्यांनाही छाती पुढे काढायला सांगणार का?

कंपन्यांचं म्हणाल तर याच संघटनेची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाची समुपदेशनाची पद्धत आहे. पाच बैठका, गोळी एकही नाही, आणि प्रशिक्षण घेतलेला साधा माणूसही त्या घेऊ शकतो.

आठवणी उकरण्याबाबत मात्र थोडं मान्य करावं लागतं. घटना ताजी असताना ‘सांग, काय पाहिलंस’ म्हणून मागे लागू नये, हे तज्ज्ञही सांगतात. पण तो नियम पहिल्या दिवसांचा. जिभाऊंना घरी येऊन वर्षं झाली.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वहिनींनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. जिभाऊंनी अजून लावलेला नाही.